शांतता गाळा

नोल्फा चिगुआय माझ्या टेबलावर एक मोजा ठेवते.
लोकरीचा, एकाच पायाचा.
आत हार्ड डिस्क. एक्केचाळीस तासांचं चित्रण:
चिलोए बेटावरच्या म्हाताऱ्या बायका
आणि त्यांच्या बटाट्यांची नावं.
"एवारिस्तो, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?
समितीला वीस मिनिटं हवीत. एप्रिलच्या आत."

विद्यापीठाच्या या तळघरात
दरवर्षी कुणीतरी हेच विचारत येतं.
गेल्या वर्षी देवमाशाच्या हाडांवाला होता,
त्याच्या आधी एक मुलगी,
तिला नुसत्या दारांच्या कड्या दाखवायच्या होत्या.
माझे प्रश्न ठरलेले.
मशीन कुठलं? मेमरी किती? पैसे कुणाचे?

मशीन भावाचं, एन्येची कळ उखडलेलं,
म्हणजे मिचुन्ये बटाट्याचं नाव
तळओळीत लिहायचीच पंचाईत.
पैसे स्वतःचे.
म्हणजे नाहीत.

भाड्याचं एक आहे, महिन्याच्या महिन्याला.
भाडं थकलं की तुझाच माहितीपट
तुला दारातून आत घेत नाही.
फुकटातलं एक आहे, देखणं,
पण त्याला पेलेल असं मशीन घ्यायचं तर
तुझा भाऊच विकावा लागेल.
आणि एक मुक्त, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी
रात्री जागून बांधलेलं.
गुणी आहे. मधेच मान टाकतं.
"दर पाच मिनिटांनी सेव्ह करशील?"
"दर पाच मिनिटांनी चुलीत लाकूड सारतच वाढले मी,"
नोल्फा म्हणते.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.
पण तंत्रज्ञाच्या जिभेला हाड नसतं.
मी तिला चौथं दाखवलं. नवं. हुशार.
एक बटण दाबलं की ते
सगळा आवाज हुंगत जातं
आणि जिथे कुणी बोलत नाही तो तुकडा
कापून टाकतं. विचारतसुद्धा नाही.
बटणावर लिहिलंय: शांतता गाळा.

एर्मेलिंदा मिल्यालोंको, वय सत्त्याऐंशी,
मांडीवर टोपली.
"क्लावेला. ब्रुहा. मुर्ता. काब्रा. मिचुन्ये काळा.
मिचुन्ये तांबडा. चहा घेणार का, पोरी?"
सरसर, तोंडपाठ,
भाव सांगणाऱ्या बाजारातल्या बाईसारखं.
"बघ," मी म्हटलं, "चार मिनिटं वाचली."

नोल्फा काही बोलली नाही.
तिने मूळ चित्रण लावलं.
मिचुन्ये तांबडा,
आणि पुढे म्हातारीचा अंगठा
टोपलीतल्या एका लांबुळक्या बटाट्यावर थांबलेला,
त्याची माती खरवडतो,
ओठ हलतात, मिटतात,
बाहेर कुठेतरी कुत्रं,
(यंत्राच्या लेखी कुत्रंही शांतताच)
अंगठा पुन्हा पहिल्यापासून मोजत येतो,
त्याच बटाट्याशी येऊन अडतो.
अकरा सेकंद.
मग: "चहा घेणार का, पोरी?"

"माझा प्रबंध," नोल्फा म्हणाली,
"ह्या अकरा सेकंदांवर आहे.
बाकीचं तर टिपणवहीत मावलं असतं."

मी चौथं काढून टाकलं. तेही
निघताना तीनदा विचारत राहिलं, खात्री आहे का.
माझ्या बाबतीत मात्र त्याला विचारायचं सुचत होतं.

मुक्तवालंच घेतलं शेवटी.
नऊ वेळा कोसळलं. एकदा तर पहाटे,
सगळ्या तळओळी गेल्या,
नोल्फाने मोजा भिंतीवर फेकला, सुदैवाने रिकामा.
एन्येसाठी आम्ही तिला
एका जुन्या कळफलकाची कळ उपटून दिली.
ती थोडी मोठी आहे, वर येऊन बसते,
दातांत सोन्याचा दात असावा तशी.

एप्रिल. समितीचे तिघे. पडदा जरा तिरपा.
मिचुन्ये तांबडा.
पाच सेकंद. सहा.
प्राध्यापक ओयार्सून खुर्चीत चुळबुळले,
हात लांबवून लॅपटॉपवर बोट आपटलं:
"अडकलं वाटतं."

"नाही सर," नोल्फा म्हणाली,
"चालू आहे."